किती वाजले होते

सोहारच्या कॅम्पात, खोली नंबर बावीस.
शुक्रवारची आमटी उकळत होती.
घवाळी फोरमन भुरके मारता मारता थांबला
आणि भिंतीकडे बघून म्हणाला, नेहमीसारखंच,
"दिनू पाष्टेची वेळ आली होती रे.
वेळ आली की कुणाचं चालत नाही."

आम्ही माना डोलावल्या.
गेले अकरा महिने डोलावत होतो,
देवळावरून जाताना हात आपोआप छातीशी जातो, तशा.

फक्त तो नवा पोरगा, राजापूरचा,
ज्याला खोलीच्या रीतीभाती अजून ठाऊक नव्हत्या,
त्याने पापड मोडत विचारलं,
"किती वाजता आली होती?"

आवाजात खोच नव्हती.
बस किती वाजता येते विचारावं
तसं विचारलं त्याने.

आधी ताट भिंतीवर गेलं,
मग घवाळी पोरावर.
"काल आलास आणि मला शिकवतोस?
देव-धर्म शिकवला का नाही तुला कुणी?"
परवाच याच पोराला
घवाळीने स्वतःची उशी दिली होती.
शौकत परकारने मागून मिठी मारून त्याला धरलं
तेव्हा तो थरथरत होता,
मार खाल्लेल्या माणसासारखा.
मारत तर तोच होता.

आमटी कॅलेंडरवरून सावकाश उतरत राहिली.

रात्री एसीच्या घरघरीत मला परांची आठवली.
खालचा एक क्लॅम्प नुसता हलवला
तरी वरचा माणूस आईवरून शिवी देतो.
हात मित्राचा की इन्स्पेक्टरचा
हे बघायला तो थांबत नाही.
पायाखालचं हललं, एवढंच त्याला कळतं.

घवाळी त्या एका वाक्यावर उभा होता.
त्याच्या खाली जुलै होता.
टाकी नंबर चारचा तापलेला पत्रा,
साडेबारा ते साडेतीन उन्हात काम मना,
आणि त्याचाच आवाज:
"दोन प्लेटा राहिल्यात दिनू, तेवढ्या उरक."
वेळ आली असेल तर ती वरून आली.
वाजली असेल तर
घड्याळ घवाळीच्या मनगटावर होतं.

हे मला उमगलं
आणि उमगल्याचा, खोटं कशाला बोलू, जरा तोराही वाटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्रावर
शौकत माझ्या शेजारी उकिडवा बसला.
मच्छीवाले जाळी आवरत होते.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"टाइमकीपर तू.
त्या दिवसाच्या शीटवर उतरायची वेळ काय लिहिलीस?"

"मला सांगतात ते मी लिहितो."

"मग काय सांगितलं होतं?"

हळूच विचारलं त्याने, वाळूत बोट फिरवत.
त्यावर मी जे बोललो,
त्याच्या श्रीवर्धनाबद्दल, त्याच्या नमाजाबद्दल,
नऊ वर्षं आम्ही एका पातेल्यात जेवलो त्याबद्दल,
ते इथे लिहीत नाही.
लिहिणं हेच माझं काम असूनही.

शौकत चिडला नाही.
चपलेतली वाळू झटकली आणि कॅम्पाकडे चालू लागला.
मी मात्र उगाच ओरडत राहिलो त्याच्या पाठीवर,
आणि मच्छीवाल्यांतला एकजण
हातातली जाळी तशीच धरून
माझ्याकडे बघत राहिला.

भिंतीवरची हळद अजून गेलेली नाही.
पोरगा शुक्रवारी साबण लावून घासतो.
घवाळी त्याला म्हणतो, राहू दे रे,
पण तोंडावर नाही, भांड्यात बघून.
पाष्टेचा विषय आता कुणी काढत नाही.

शीट ऑफिसच्या कपाटात आहे.
साडेबारा लिहिलं आहे, ठळक,
एकही खाडाखोड नाही.
माझं अक्षर चांगलं आहे,
सगळे म्हणतात.