थांब, आले

लाउथच्या पुढे, कोबीच्या शेतांत,
जिथे आधी टर्की पोसत,
त्या पत्र्याच्या शेडमध्ये आता
निळ्या पोपटांची एक जात राहते.
जात म्हणजे एकशे चाळीस पक्षी, एक रजिस्टर,
एक जनरेटर
आणि आयव्हर थॅक्सबी, ज्याच्या कोटाच्या खिशात
बारा महिने सूर्यफुलाच्या बिया.

त्यांच्या मूळ रानातून दरवर्षी अहवाल येतो.
पक्षी दिसला नाही.
आवाज आला नाही.
ढोलीत पीस नाही.
राजाच्या पोपटाच्या गोष्टीतल्या नोकरांसारखं
सगळं सांगतात,
तेवढं एक सोडून.

माझी रात्रपाळी.
दर दोन तासांनी कोमट पेज, सिरिंज,
हातात पोपटाच्या तोंडाचा मोजा,
पिल्लाला वाटावं आईच भरवतेय.
दारावर पाटी : इथे बोलू नये.
माणसाचा आवाज कानात बसला
तर रानात गेल्यावरही ते माणसाकडेच उडेल.
नऊ हिवाळे मी तिथे तोंड मिटून काढले.

एकदाच.
फेब्रुवारी, पहाटेचे तीन, मला सर्दी,
वीज गेलेली, त्यात जनरेटर खोकून गप्प झाला,
काळोखात एकशे सतरा नंबर चिरकायला लागलं
आणि निसटलंच :
थांब रे थांब, आले.

चार वर्षांनी सोडायच्या पक्ष्यांची यादी लागली.
बावीस. त्यात एकशे सतरा.
विमानाच्या पेट्या आल्या, भोकं पाडलेल्या.
तपासणीला बाई आली, प्रत्येक पिंजऱ्यापुढे
डोळे मिटून ऐकत उभी राहिली.
एका ठिकाणी तिने डोळे उघडले.
"हे काय म्हणतंय?"
आयव्हर म्हणाला, दाराची कडी करकरते ना, तिची नक्कल.
आयव्हरला सगळं माहीत होतं.
घरच्यांशी फोनवर मी हेच तर म्हणत असते.
मी पाणी बदलत होते. भरलेलंच ओतून
पुन्हा भरत होते.
बाईने कडी वाजवून पाहिली.
मग पेनाचं टोपण काढलं.

एकवीस पेट्या गेल्या.
बावीसावी शेडमागे आहे,
आयव्हर तीत बटाटे ठेवतो.

आता किल्ली कुलपात घालायच्या आधीच
आतून येतं, थांब रे थांब, आले,
माझाच आवाज, तेव्हाचा,
सर्दीसकट.
बाहेर धुकं, कोबीचा उग्र वास.
मी बादली खाली ठेवते
आणि थांबते.