ओहोटी

अरोसाच्या खाडीत ओहोटी सहा-चाळीसची.
चिखलात आम्ही अकराजणी, वाकून
दाताळ्यानं तिसऱ्या काढत.
वाकलं की बोलणं सोपं जातं,
कुणाचं तोंड दिसत नाही.

दोरिंदा म्हणाली, "वाळू भरल्यासारखं होतं गं आत.
एलादिओ जवळ आला की झोपेचं सोंग घेते.
तीन वर्षं.
तो बिचारा पांघरूण नीट करतो
आणि कूस बदलतो."

एरवी हसलो असतो.

कार्मे, एकाहत्तरची, टोपली निथळत म्हणाली,
"मलम मिळतं. सोमवारी नि गुरुवारी लावायचं.
दुकानातला पोरगा लाजला, मी नाही.
आणि घाई नको, हे नवऱ्याला सांगावं लागतं.
चाळीस वर्षं मीच सांगितलं नव्हतं."

"पाळी गेली तेव्हा वाटलं, सुटले."
"सुटलीसच की. पण सगळ्यातूनच कशाला?"

पाणी पोटऱ्यांना लागलं तशा फिरलो.
काट्यावर दोरिंदाची टोपली हलकी भरली.
तिनं पावती उलटी केली,
माझं पेन मागितलं,
कार्मेला विचारून मलमाचं नाव लिहिलं,
खाली तेच पुन्हा एकदा,
आणि तो तुकडा फाडून
माझ्याकडे न बघता
माझ्या खिशात घातला.