बेचाळीस

व्हेरायटी चौकातल्या फलकावर बेचाळीस.
इतवारीत बेचाळीस.
बसच्या कपाळावर, शाळेच्या फाटकावर,
बाबांच्या फोनवर रोज सकाळी सातला,
दिवस तापायच्या आधीच,
आजचं कमाल: बेचाळीस.
त्याच्या वर जात नाही आमचं नागपूर,
माझ्या जन्माच्या आधीपासून. ठरलंय.

शिवी द्यायची तरी लोक
बेचाळीस पिढ्यांशी थांबतात.
त्रेचाळिसावीचं नाव काढत नाही कोणी.

मी रुंजी पराते. नववी ब. तांडापेठ.
माझ्याकडे एक पारा आहे.
शाळेची प्रयोगशाळा मोडली तेव्हा
भंगारवाल्याच्या पोत्यातून घेतला, दोन संत्री देऊन.
पट्टीला तडा, काच शाबूत.
गच्चीवर टाकीच्या सावलीत टांगला,
अडीचला वर गेले, चप्पल चिकटत होती:
सत्तेचाळीस, आणि वर तीन बारीक रेघा.

आधी वाटलं, बिघडलाय.
आईच्या काखेत धरला: सदतीस.
गोळेवाल्याच्या बर्फात खुपसला: शून्य.
पारा खोटं बोलत नव्हता.
त्याला कुठे नोकरी टिकवायची होती.

ठवकर मॅडमना विचारलं.
त्यांनी खडू ठेवला, दार लावलं,
पंख्याखाली उभ्या राहिल्या, पाठ ओलीचिंब.
"रुंजी, बेचाळीसच आहे."
मग वेगळ्याच आवाजात,
"पाणी पीत जा."

त्याच आठवड्यात डोमाजी बावणे गेला,
इतवारी स्टेशनबाहेर,
आपल्याच सायकलरिक्षात, सवारीच्या जागेवर बसल्याबसल्या.
कागद आला:
बेचाळीस अंशांत माणूस मरत नाही,
सबब मृत्यूचे कारण हलगर्जीपणा, स्वतःचा.
सोबत त्याच्या बायकोच्या नावे दंडाची पावती.
खिशात कांदा सापडला होता.
त्याची नोंद कुठेच नव्हती.

"मंग काहून ठेवला असंन कांदा त्यानं?"
जेवताना मी विचारलं.
"चूप बस वं पोरी," बाबा म्हणाले,
आईनं खिडकी ओढून घेतली.
रात्री दिवा घालवल्यावर खूप वेळानं
बाबांच्या खाटेवरून आवाज आला,
"किती होता आज?"

मी फक्त आकडा लिहिला.
घोषणा नाही, नाव नाही.
दहीबाजार पुलाखाली, पांढऱ्या खडूनं: ४७.३
दुसऱ्या दिवशी ४७.१
रविवारी ४४.८. वारा होता,
कमी आला तर कमीच लिहिला.

सकाळी मनपाचा माणूस ओला फडका मारायचा.
भिंतीवरची ओल वाळेपर्यंत
तिथंच उभा राहायचा, ओठ हलवत.
एक दिवस जवळून गेले तेव्हा ऐकू आलं:
"...नऊ, दहा, अकरा."
म्हणजे तोही मोजतच होता.

मग मलाच ताप आला.
किती, ते पाऱ्यानं पाहिलं. तो आकडा घरातच ठेवला.
दोन दिवस पुलाकडे गेले नाही.

गुरुवारी गेले तर माझ्या जागेवर
दुसऱ्याच कुणाचा सात, मधे आडवी काडी असलेला,
निळा खडू: ४७.६
आणि त्याच्याखाली थरथरत्या हाताचं, कोळशानं:
पारडीत पंचेचाळीस. नीट बघत जा.

मी तिथंच फतकल मारून बसले, हसायला लागले.
पानठेल्यावरचा पोट्टा बघत राहिला.
कोणीतरी मला चूक म्हणत होतं,
दटावून नाही, मोजून.
एवढ्या मोठ्या शहरात
दोन आकडे पहिल्यांदा एकमेकांशी भांडत होते
आणि फडकेवाला अजून आला नव्हता,
किंवा येऊन गेला होता.

पण पारडीत दोन अंश कमी कसे?
झाडं उरलीत तिकडे? की त्याचा पारा ओसरीत टांगलाय?
की माझीच टाकी तापते?
जाऊन बघायला पाहिजे.

पारा रुमालात गुंडाळला.
खिशात कांदा.