ज्योस्नाबाईबद्दल ऐकलेलं

ती यायच्या आधी तिची माहिती आली.
दिली वलथरे सरांनी, चावडीवर,
सुपारी कातरता कातरता:
फ्रान्सचे लोक अंघोळ करत नाहीत, अत्तरावर भागवतात.
सकाळी चहा नाही, दारूच.
रस्त्यात भेटला त्याचे मुके घेतात, बाई-माणूस बघत नाहीत.
आणि बेडूक.
बेडकावर येऊन सर थांबले.
आमची बोडी रात्रभर डरांव डरांव करते.

त्या रात्री सासूनं अंधारात विचारलं,
"मंग आपल्या बोडीत उरतीन का वं?"

ज्योसलीन. दोन दिवसांत ज्योस्नाबाई झाली.
पन्नाशीची, एक गुडघा दुखरा,
तलावातलं देवधान आणि मासोळ्या मोजायला आलेली.
पहाटे पाचला, आम्ही पारीवर पोचायच्या आत,
तिचे केस धुऊन वाळतही आलेले.
वास यायचा तो मच्छरच्या तेलाचा.
बेडूक ती वहीत लिहायची, नावानिशी.
"खाल्ला का कधी?"
तुटक्या हिंदीत म्हणाली: एकदा. कुणाच्या तरी लग्नात.
कोंबडीच वाटली.

खोटं कशाला बोलू, काही खरंही निघालं.
कुरकुरायची. एसटी, चहातली साखर, ऊन, सरपंच,
आणि कुरकुरताना चेहरा असा खुलायचा
जसा देवाजीमामांचा, धुऱ्यावरून भांडताना.
पावासाठी जीव टाकायची.
तुमसरहून आणलेला पाव दाबून बघायची, हुंगायची,
मग बराच वेळ गप्प.

तो पॅरिसचा मनोरा? दोनदा पाहिलेला,
त्यातला एकदा रेल्वेच्या खिडकीतून.
तिचं गाव तळ्यांचं. बाप गाळात उभा राहून जाळं ओढायचा.
हे तिनं मागाहून सांगितलं.
आधी माझ्या हातातली सुरी घेतली, रोहू पालथी केली,
माझी अर्धी व्हायच्या आत तिची खवलं उतरली.
त्या दिवशी मला थोडा रागच आला.

निघायच्या आदल्या दिवशी,
चहूकडे धानाच्या बांध्या, मधे आम्ही दोघी,
तिनं लाजत विचारलं:
विदर्भात आले, संत्र्यांच्या बागा राहिल्याच की.
"बाई, संत्री आमी बी इकतच आनतो. किलोनं."
तिनं वही उघडली, एक ओळ खोडली.

एसटी आली.
सासू पुढं झाली, पदर सावरून, डोळे गच्च मिटून,
गाल पुढं करून उभी.
ज्योस्नाबाईनं केव्हाचे हात जोडले होते.
कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.