लादी कुठवर जाईल

रात्रीचे पावणेदोन. खामल्यात कूलरचं पाणी तळाला गेलंय,
वाळा कोरडा पडला की पंखा
नुसतीच मे महिन्याची हवा खोलीत ढकलतो.
स्क्रीनवर मात्र पांढरंशुभ्र मैदान,
त्यावर सतरा वर्षांचा एक पोरगा
पाठमोरा धावतोय. पाठमोरा!
मला इथे खुर्चीत बसल्या बसल्या धाप लागते.

याचाच पगार मिळतो मला:
हा चोविसाव्या वर्षी कुठे असेल ते सांगायचं.
बर्फावर मी आयुष्यात कधी उभा राहिलेलो नाही.

एलियास. नंबर तेवीस. डावरा.
जन्म ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला,
म्हणजे यंदाच्या तुकडीत जवळपास सर्वांत लहान.
मॉडेलला हे आवडतं, लहान आहे, वाढेल.
उंची पाच-नऊ. बापाची सहा-एक.
हो, तोही एक रकाना आहे, बापाची उंची.
डावीकडे वळताना उजवा गुडघा आत पडतो.
मी लिहितो, दुरुस्त होण्यासारखं.
मग खोडतो.
मग परत तेच लिहितो.

माझ्या बापाची उंची पाच-तीन.
डोमाजी. इतवारीमागच्या बर्फाच्या कारखान्यात
पहाटे चारला साच्यातून लाद्या काढायचा,
भुसा, गोणपाट, सुजलेली बोटं.
प्रत्येक लादीवर बोटाचं पेर आपटायचा,
कान लावायचा,
आणि हातगाडीवाल्याला सांगायचा,
"हे कामठीलोक जाते."
"हे मोमिनपुऱ्यातच विकून टाक, हिच्या पोटात हवा हाय."

कसं समजते, मी विचारायचो.
"मधात दुधावानी दिसली का दगा देते.
निळसर असन तं थांबते."
थोडं थांबून, बिडी विझवत,
"पण गाडीवाला रस्त्यात तर्रीपोहे खात बसला
तं माह्या हातात काय हाय?"

पोह्यांचा रकाना आमच्याकडे नाही.
प्रशिक्षक बदलतो, घर बदलतं,
एखाद्याची आई हिवाळ्यात आजारी पडते,
आणि आकडे वर्षभर मुके होतात.
तीन वर्षांपूर्वी एका पोराला मी
शंभरात एकसष्ट दिले होते.
प्रणोती म्हणाली होती, "आवडला म्हणून वाढवू नकोस."
मी वाढवले नव्हते. थोडेच वाढवले होते.
विसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला.
मामाकडे होड्या दुरुस्त करतो आता.
शोधून शोधून एक फोटो सापडला,
दोन्ही हातांनी मासा धरलेला.
मासा मोठा होता.

एकदा बाबांनी नाही म्हटलेली लादी
एक गाडीवाला हट्टाने कामठीला घेऊन गेला,
कुणाच्या तरी लग्नाची ऑर्डर होती.
संध्याकाळी परत आला, गोणपाट पिळत म्हणाला,
"अर्धी उरली."
बाबा रात्री जेवताना तेच बोलत राहिले.
अर्धी म्हणजे पोचली का नाही पोचली?
आईने भाकरी वाढली, उत्तर दिलं नाही.

एलियास पुन्हा पाठमोरा.
हीच चाल मी अकराव्यांदा बघतोय.
समोरचा अंगावर येतो, हा मागे बघत नाही,
मागे भिंत आहे हे त्याच्या पाठीला कळतं,
आणि नेमका त्याच क्षणी तो खांदा फिरवतो.
हे कुठे मोजायचं?
याला आमच्याकडे नावसुद्धा नाही.

मॉडेल म्हणतं, शंभरात एकतीस.
मी वाढवत नाही.
उठतो, बादलीने कूलर भरतो,
पाणी नळातूनच कोमट येतं या दिवसांत,
तरी वाळ्याचा वास येतो, क्षणभर येतोच.
परत बसतो. एकतीस.
खाली शेऱ्याची चौकट रिकामी आहे.
त्यात लिहितो, मधात निळसर.

सकाळी प्रणोती विचारेल, हे काय रे.