पाहुणे

बैठकीला पाच जण. गणपूर्तीला सात लागतात.
लारिसा म्हणाली, थांबू थोडं,
आणि आम्ही थांबलो, डोनटचा खोका मध्ये ठेवून.
बाहेर सास्काटूनचा नोव्हेंबर, पार्किंगमध्ये गाड्या
वायरींनी बांधून ठेवलेल्या, गोठ्यातल्यासारख्या,
इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर वीज चघळत.

विषय पहिला: विद्यावेतन. डीनचं पत्र वाचलं.
त्यात ‘सहानुभूती’ हा शब्द तीनदा होता,
आकडा कुठेच नव्हता.
विषय दुसरा: मायक्रोवेव्ह. कुणीतरी परत त्यात मासा गरम केलाय.
विषय तिसरा कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

एफुआ आजारी वडिलांना भेटायला केप कोस्टला गेली,
ती तीन आठवड्यांसाठी.
वडील सावरले. व्हिसाच्या कागदांत माशी शिंकली.
आणि इकडे चौथ्या मजल्यावर तिच्या त्रेसष्ट बाटल्या,
प्रत्येकीत फळमाश्यांचं एकेक घराणं:
पांढऱ्या डोळ्यांचं, मुडपलेल्या पंखांचं,
एक असं, की जरा धक्का बसला की उताणं पडून थरथरतं.
मार्गदर्शक वर्षभराच्या रजेवर, अनुदान संपलेलं.
दर पंधरा दिवसांनी नव्या बाटलीत घातल्या नाहीत
तर स्वतःच्याच चिखलात बुडतात त्या.

एमिल खजिनदार. त्याचा अभ्यास स्टर्जन माशाचा,
जो ऐंशी वर्षं जगतो आणि कुणाची वाट बघत नाही.
म्हणाला, कॉफीच्या डब्यात एकशे बारा डॉलर आहेत.
फरशीद म्हणाला, हे घटनेत बसत नाही.
(घटना दीड पानाची. पाठ फक्त त्यालाच.)
अध्यक्षीणबाई दगडावरचं लायकेन मोजतात,
आयुष्यभरात नखाएवढं वाढणारं.
तिनं घड्याळ पाहिलं. ‘गणपूर्ती नाही,
त्यामुळे ठराव होऊ शकत नाही.
मंगळवारी कोण कोण येतंय?’

मी चिटणीस. इतिवृत्तात लिहिलं: चर्चा झाली.

मग मक्याचं पीठ, काकवी, यीस्ट,
एमिलच्या आजीचं सूप ढवळायचं पातेलं.
बाटली आपटायची, माश्या तळाला पडतात,
बोळा काढायचा, तोंडाला तोंड लावून
नव्या बाटलीवर उलटी धरायची,
परत आपटायची. त्रेसष्ट वेळा.
आधीच्या कार्यकारिणीला लोक म्हणायचे, नुसत्या माश्या मारत बसतात.
तो आरोप तरी आमच्यावर कुणी करू नये.

जानेवारीत, उणे अडतीसला, उबवणपेटी बंद पडली.
शनिवार. दुरुस्तीवाला सोमवारी.
पाच जणांत वाटून घेतल्या, जॅकेटच्या आत, पोटाशी,
आणि निघालो पाच दिशांना.
बसचालकानं फरशीदला विचारलं, जेवण का?
तो म्हणाला, पाहुणे.

एक्केचाळीस नंबर गेला. माझ्याकडचा.
खिडकीपाशी ठेवला होता, मूर्खासारखा.
बाटलीच्या काचेवर आतून दव, आणि तळाशी
तीळ सांडावेत तसे.

एफुआला कुणी सांगायचं, यावर मात्र गणपूर्ती झाली,
आठ जण आले, आणि आठही जण माझ्याकडे बघत राहिले.
फोनवर ती बराच वेळ काही बोलली नाही.
मागे कोंबडा आरवत होता, तिकडे उजाडलेलं.
मग म्हणाली, एक्केचाळीस ना? तो माझ्याकडेही मरायलाच टेकलेला असायचा.
खरं होतं की माझ्यासाठी म्हणाली,
मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

एप्रिलमध्ये निवडणूक. उभं कुणीच राहीना.
शेवटी पहिल्या वर्षाची केझिया, जी नोव्हेंबरात
फक्त डोनटसाठी आली होती, म्हणाली, बरं, मी.
लारिसानं तिला बुटांचा खोका दिला:
एक किल्ली, कॉफीचा डबा, नऊ डॉलर,
पाच हस्ताक्षरांतली बासष्ट नावांची यादी.
विद्यावेतनाचं पत्र सगळ्यात खाली.

केझियानं बैठक सुरू करायला पेला टेबलावर आपटला,
दोनदा, जरा तिरका धरून,
आणि जुने आम्ही चौघं
आपोआप तळाकडे बघायला लागलो.