आवाज कुठून येतो

कोंबड्यांच्या शेडमध्ये ती उभी आहे.
उभी म्हणजे, चार ठिकाणी विटांवर टेकवलेली.
नाकावरचा लाल ड्रॅगन तेवढा शाबूत,
बाकी अंगभर चाळीस वर्षांची शिट.
‘धुतली की निघेल,’ इथेल म्हणतो.
विकणाऱ्याचं सगळंच धुतलं की निघतं.

गिलबर्न. इथल्याच, वेल्सच्या खोऱ्यातली,
पहिली म्हणे एका खाटकाच्या दुकानामागे जन्मली.
हिला पाहून ते पटतं.
पुढची काच नाही. गिअरबॉक्स नाही. डावं दार आहे,
पण दुसऱ्याच कुठल्या गाडीचं,
गवताचे गठ्ठे बांधायच्या सुतळीनं लटकवलेलं.

बॉडी फायबरची, तिला गंज चढत नाही.
गंजतो तो सांगाडा, कुणाला न दिसता.
मी आडवी झाले, गुडघ्यानं मला शिवी दिली,
चौकोनी नळीला स्क्रूड्रायव्हर टोचला:
मुठीपर्यंत आत गेला, ओल्या केकमध्ये जावा तसा.
एकतीस वर्षं मर्थरच्या डेपोत बसच्या पोटाखाली काढली,
असं पोकळ काही हाताला लागलं नव्हतं.

वीजबिलाच्या पाकिटावर आकडे मांडले.
सांगाडा. काच. गिअरबॉक्स, मिळाला तर.
वायरिंग उंदरांनी आधीच काढून ठेवलंय, ती मजुरी वाचली.
बेरीज मावेना म्हणून पाकीट उलटं केलं,
तर तिथे माझंच नाव, माझाच पत्ता,
आणि लाल शाईत: दुसरी सूचना.

नऊशे पौंड मागतोय.
पाण्यातल्या म्हशीचं मोल करावं म्हटलं,
तर ती म्हैस निदान श्वास तरी घेते.

मग त्यानं फळीवरचे डबे दाखवले.
तंबाखूचे, एक ते छत्तीस,
प्रत्येकावर त्याच्या भावाचं, एमरिसचं, बारीक अक्षर:
‘डावीकडचे, लांब.’
‘उजवीकडचे, तितके लांब नाहीत.’
‘पावसात हरवून सापडलेले.’
छत्तिसाव्यावर नुसतं, ‘हे उरले.’
सतरावा नाही.
‘सतराव्यात काय होतं?’
‘एमरिसला ठाऊक,’ इथेल म्हणाला,
आणि चॅपलमागच्या उताराकडे हनुवटी उचलली.

‘खोललीच का पण त्यानं?’
‘आवाज येत होता.’
‘कसला?’
‘टक्.
आधी इंजिन उतरवलं, मग गिअरबॉक्स,
मग सीटा, मग दार.
आई जेवायला हाक मारायची, तो म्हणायचा, आलोच, सापडतोय.’

मी नाही म्हणणार होते. शब्द ओठांवर होता.
फक्त म्हटलं, एकदा उजेडात बघू.
जॅक लावून विटा काढल्या,
हातोडीनं मागचे ड्रम सोडवले,
चारही टायरांत दम भरला; तिघांनी धरला.
इथेल आत बसला, खाद्याची बादली उपडी घालून,
स्टिअरिंगला दोन्ही हात, पाठ ताठ,
एक्क्याऐंशी वर्षांचा, पहिल्यांदाच चालकाच्या जागी.
‘तो मला चालवू द्यायचा नाही,’ समोर बघत म्हणाला.

ढकलली.
कोंबड्या ओरडत बाजूला झाल्या,
गाडी एक हात पुढे सरकली, आणि मागून, डावीकडून,
टक्.

थांबवली. टक्.
पुन्हा ढकलली. टक्.

इथेल बादलीवर गोठला.
मी चाकाशी बसले, तारांवरून हात फिरवला,
चाक धरून मागेपुढे हलवलं.
हबचे दाते झिजलेत. बस्स.
चाक मधल्या खिळीवर जरासं फिरतं, मग अडतं.
नवं हब आणि एक दुपार.
त्यासाठी त्यानं आख्खी गाडी उकलली,
चाक तेवढं सोडून.

हे त्याला सांगावं का, कळेना.
तो मान वळवून विचारत होता,
‘कुठून येतोय? कळलं का?’

‘शुक्रवारी ट्रेलर घेऊन येते,’ मी म्हटलं.
‘सातशे. आणि डबे सगळे.’
‘सतरावा नाहीये,’ तो म्हणाला.
‘माहितेय.’